सोळा अंश

सावद्याचा मे. बाहेर सेहेचाळीस,
केळी पिकवायच्या खोलीत सोळा.
सुभान तडवी दिवसातून चाळीसदा
या दोन ऋतूंचा उंबरा ओलांडतो
खांद्यावर क्रेट घेऊन.

आत शिरताच दंडावर काटा,
बाहेर येताच मानेवरून ओघळ.
त्याने कुणाला काही सांगितलेलं नसतं.

दुपारी वीज गेली.
मशीन थांबलं, काट्याने सोळा सोडलं.
सतरा, अठरा...
मालक फोनवर ओरडत राहिला.

सुभान निंबाखाली बसला.
सदऱ्यावर मिठाची पांढरी किनार,
त्याला ठाऊक नसलेलं सदतीस
अजून जागेवर.

एकदम कैरी खाविशी वाटली, मीठ लावून.
डबा उघडला
तर भाकरीखाली नेमक्या तिच्याच फोडी.

आता बायकोला हे कुणी कळवलं?