कंसातला समुद्र

दिबोर फायला तीन मिनिटं मिळाली आहेत.
जोआलहून निघाली तेव्हा भट्ट्या विझलेल्या,
शेंगांची टरफलं पोत्यांत तशीच,
कारण होडी वाळूला लागायच्या आत
भुकटीच्या कारखान्याची गाडी येऊन उभी असते.
ती भुकटी दूर कुठल्या तरी हौदातल्या माशांना घालतात.
आमचे मासे तुमचे मासे खातात, आणि आम्ही काय?
एवढंच तिला विचारायचं आहे.

जिनिव्हात, तळ्याकाठी, गालिचा इतका जाड
की आपण चाललो हे आपल्यालाच ऐकू येत नाही.
दुभाष्यांच्या काचपेट्या तीन. तिची भाषा चौथी.
म्हणून भाची न्यिलान शेजारी,
सेरेरमधून फ्रेंचमध्ये ओंजळीने पाणी नेणारी.
ते पाणी काचेपलीकडे पोचेस्तोवर
'याबॉय'चा 'लघु सागरी साठा' झालेला असतो.

दिवा तांबडा. आभार. पुढचं नाव.

मग मसुदा वाटतात. दोघी बोट ठेवून वाचतात.
ज्यावर एकमत नाही ते शब्द कंसात:
'मासे सुकवणाऱ्या बायका' कंसात,
'अन्न' कंसात,
'आधी त्यांना विचारून' दुहेरी कंसात.
'शक्य असेल तेथे' मात्र मोकाट,
पानोपानी हिंडतंय, अंगावर ओरखडा नाही.
कंसाच्या कोठडीत जन्मलेल्यांचं काय होतं
ते सांगायला जोशी लागत नाही.

मधल्या सुटीत तेविता भेटतो,
टोंगाचं अख्खं शिष्टमंडळ तो एकटाच.
आज त्याच्या सहा बैठका, सहा खोल्यांत, एकाच वेळी.
पाच ठिकाणी देशाची नुसती पाटी बसली आहे.
'आणि खरी बोलणी सातवीत,' तो कॉफी ढवळत म्हणतो,
'तिथे पाटीही नाही.'

'मग हे कंस काढतं कोण?'
'सातव्या खोलीतले.'
न्यिलान हे भाषांतर हळू आवाजात करते,
जणू घरातलंच काही वाईट सांगावं तसं.

दिबोर जरा वेळ तळ्याकडे बघते.
एवढं पाणी, आणि एक जाळं नाही.
मग म्हणते, 'सांग त्याला,
पुढल्या खेपेला ती सातवी खोली जोआलला आणा म्हणावं.
चटया आम्ही घालू.
सगळ्यांना तीन-तीन मिनिटं देऊ.
हवं तर चार.
खवलं काढताना ऐकायला बरं पडतं.'