छाट

बारा वर्षांपूर्वी अर्धी सोडलेली बी.कॉम.
एका प्लॅस्टिकच्या पिशवीत होती,
रेशनकार्ड आणि आईचं विडी कामगार कार्ड
यांच्या मधोमध.
चार गुणपत्रिका. एकीवर चहाचा गोल.

आता म्हणे जुनं शिकणं क्रेडिटांत मोजतात.
ऑनलाइन पदवीला एकशे वीस लागतात,
माझी ऐंशी आधीची.
जितकी ते मान्य करतील तितके विषय कमी.
एका क्रेडिटला साडेचारशे रुपये.
मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते,
वजाबाकी मला कुणी शिकवावी लागत नाही.

जेवणाच्या सुट्टीत, रद्द चलनाच्या पाठीवर मांडत गेले:
नोंदणी शुल्क दर सत्राला वेगळं,
म्हणून सत्रं दोनच, विषय दाबून भरायचे.
छापील पुस्तकांचा संच ऐच्छिक. नको.
परीक्षा केंद्र सोलापूर, पुण्याचं भाडं कोण देणार.
लग्नानंतर नाव बदलायचं राहून गेलं होतं,
पुढं लग्नही राहिलं नाही;
प्रतिज्ञापत्राचा खर्च तेवढा वाचला.
चाळीस गुणिले साडेचारशे, अठरा हजार.
दोन वेळा अधोरेखित केलं.

उत्तर आलं मंगळवारी.
अडुसष्ट मान्य. बारा अमान्य.
कारण: अभ्यासक्रम जुळत नाही.

आई सुपात पानं कापत होती.
“एन्नि?” तिनं विचारलं.
घरात आकडे आम्ही तेलुगूतच बोलतो.
ऐंशीत बारा, मी म्हणाले.
तिची कात्री थांबली.
“इतकी छाट? आमचा चेकरसुद्धा इतकी काढत नाही गं.”

चाळीस वर्षं तिनं हजाराच्या हिशेबानं विड्या वळल्या.
चेकर बोटांनी चाचपून बाजूला काढायचा:
ही सैल, ही आखूड, हिचं तोंड नीट मिटलं नाही.
छाटलेल्याची मजुरी नाही.
आणि छाटलेली विडी परतही नाही.
मी त्या बारा क्रेडिटांची फी
बारा वर्षांपूर्वीच भरली होती,
हे आईला समजावून सांगावं लागलं नाही.

ती एवढंच म्हणाली,
“बंडल त्याच्या पुढ्यातच सोडायचं असतं.
बोट ठेवून विचारायचं, यातली वाईट कुठली?”

मी विचारलं. चार ओळींत, नम्रपणे:
कोणत्या विषयाचा कोणता घटक जुळत नाही, ते कळवावं.

मग जुन्या कॉलेजात गेले.
कडगंची क्लार्कनी स्टुलावर चढून
माळ्यावरनं एक फाइल काढली, फुंकर मारली, शिंकले.
“हा अभ्यासक्रम मागायला आलेली तू पहिलीच,” म्हणाले.
अकरा पानं. दोन रुपयांनी बावीस.
शिक्क्याचे पैसे विचारले
तर त्यांनी शिक्क्याच्या शाईकडं बघितलं,
“वाळलीय. जरा जोरात दाबतो.”

आठ क्रेडिटं परत आली.
छत्तीसशे रुपये.
त्या रात्री मी अंडी आणली,
शेंगाचटणीला एक दिवस सुट्टी.

चार मात्र गेली ती गेली.
तो विषय: व्यावसायिक पत्रव्यवहार.
आधी हसू आलं,
मग अठराशे भरताना नाही आलं.
एक पत्र लिहून आठ क्रेडिटं सोडवून आणणाऱ्या बाईला
पत्र लिहिणं पुन्हा शिकायचं होतं.

आता रात्री साडेनवाला मोबाइल डब्याला टेकवून ठेवते.
पाठ पहिला: विनंतीचा अर्ज.
मजकूर मोजका असावा.
“मोठ्यानं लाव की,” आई म्हणते,
“मलाही कळू दे काय विकत घेतलंस.”
ती ऐकते, मध्येच मान हलवते,
मास्तरला कुठंतरी मार्क देत असावी.
तिच्या मांडीवर विडीची तोंडं मिटत राहतात.
पंचविसाचा कट्टा होतो, दोरा बसतो.
मी पाठ दुसरा उघडते.
ती न बघता सुपातली एक विडी उचलते,
चाचपते,
उकलून पुन्हा वळायला घेते.