पाय, नग दोन

सत्तावीस वर्षं म्हापशात विमा विकतोय.
अख्ख्या माणसाचा. शेंडीपासून टाचेपर्यंत एकच रक्कम.
सुटे भाग आम्ही घेत नव्हतो.

मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताआधीच्या शुक्रवारी
वागातोरच्या शूटिंगवरून एक पोरगा आला,
गॉगल कपाळावर, काखेत फाईल.
म्हणाला, मॅडमचे पाय.
मी म्हटलं, काय झालं पायांना?
काही नाही. काही होऊ नये म्हणून. पाच कोटी.

कारापूरकर साहेबांनी चहा मागवला, बिस्किटांसकट.
अर्जात रकानाच नव्हता.
'मालमत्तेचे वर्णन' याच्यापुढे मी लिहिलं : पाय, नग दोन.
'वस्तू रात्री कुठे ठेवली जाते'
इथे पेन अडलं.

कशाला काढतात हो? मी विचारलं.
बातमी होते, तो म्हणाला.
पाय तर सगळ्यांनाच असतात,
आकडा लिहिला की लोकांना दिसायला लागतात.
शिवाय निर्मात्याचं कर्ज त्यांच्यावर उभं आहे,
जनरेटर उभा आहे,
साठ माणसांचा दुपारचा भात.
मग बिस्किट बुडवता बुडवता, आवाज उतरवून :
रात्री त्या पायांना वेगळी उशी देतात.
पांघरूणही वेगळं.
दुसऱ्या कुणाचे सांभाळायला घेतल्यासारखे.

मुंबईहून अट आली :
विमाधारकाने समुद्रकाठच्या खडकांवर अनवाणी चालू नये.
गाणं खडकांवरच होतं.

सोमवारी फेस्त. चर्चच्या पायऱ्यांखाली पिएदाद,
पुढ्यात फळी. मेणाचे हात, डोळ्यांच्या जोड्या,
एक पोट, दोन स्तन, वीतभर बाळं,
दोरीला टांगलेले पाय,
डावे एकीकडे, उजवे एकीकडे.
घेणाऱ्यांत कुंकवाची कपाळं निम्मी.
सायबीण पॅन कार्ड मागत नाही.

एक पाय साठ, जोडी शंभर.
मी तिला पाच कोटींची गोष्ट सांगितली.
हसेल असं वाटलं होतं.
'तिका दुखता?'
नाही.
'मागीर कित्याक?'
मला उत्तर आलं नाही, आणि उत्तरं देणं हाच माझा धंदा.

फेस्त उलगडलं की मिंगेल हे सगळं
पोत्यात भरून परत आणतो, तिला वजनावर देतो.
ती वितळवते.
गेल्या वर्षीचा गुडघा यंदाचा कान.
कुणाचं दुखरं पोट कुणाचं बाळ.
उसगावच्या कुणाचा तरी हप्ता
पेडण्यातल्या कुणाच्या तरी बायकोचा चेक होतो,
हे मी सत्तावीस वर्षं लोकांना ओट्यांवर बसून समजावतोय,
तक्ते काढून.
ती टोपात पळी फिरवत होती.

'म्हज्या बोटांचो काडशी?'
तिने हात पुढे केला.
बोटांची टोकं गुळगुळीत, नदीतल्या खड्यांसारखी.
मेणाने रेघा कधीच खाल्लेल्या.
रेशनच्या यंत्राने तिला तीनदा ओळख दिली नव्हती.
अर्जावर अंगठा लागतो गो, मी म्हटलं,
आणि रुमाल काढून मान पुसली.

'तुका कितें जाय?'
फळीभर नजर फिरवली.
माझं पोट जिच्यावर चालतं
ती तिथे नव्हती.
जीभ, मी म्हटलं.
मागची दोन पोरं फसकन हसली.

तिने उरल्यासुरल्या मेणाचा गोळा घेतला, कोमट,
तळहातावर लांबवला,
अंगठ्याने मधोमध दाबून पन्हळ पाडली.
पैसे घेतले नाहीत. सुटे नाहीत म्हणाली.

दिव्याखाली धरून बघितली मी ती जीभ.
जिथे दाबलं होतं तिथे खळगा होता,
ठसा नव्हता.

एप्रिलचा उकाडा, रांग दरवाजाबाहेर.
सायबिणीपाशी पोचेपर्यंत
खिशात ती वाकडी झाली होती.