गाठी मारलेली सुतळी

झ्विकरच्या अंगणात दोन उभे होते.
एक पस्तीस घोड्यांचा, मागची चाकं माझ्या खांद्याला लागणारी.
दुसरा तेवीस घोड्यांचा, त्याचा केशरी रंग
उन्हानं विटून गाजराच्या सालीसारखा झालेला.
दोन्ही वापरलेले, दोन्ही जपानहून बोटीनं आलेले.
दोघांच्या पोटाखाली पुठ्ठा: तेल गळतं का ते कळावं म्हणून.
पुठ्ठे कोरे होते.
पण पुठ्ठा काय, सकाळीच बदलता येतो.

वेल्डन, माझा भाऊ, गाडीतून उतरला तो थेट मोठ्याकडे.
“घ्यायचाच तर घोडे कमी पडायला नकोत, कोरिना.”
जमीन माझी. साडेचार एकर,
त्यातलं दीड एकर पाण्यात उभं अल्डरचं रान,
बाकी उतार, गवत, आणि सफरचंदाच्या सात ओळी,
त्यांतल्या दोन तर आता नावालाच.

मी खिशातून सुतळी काढली.

बाबा बैलांच्या शिंगांची मापं हिनंच घ्यायचे.
आमच्याकडे लुनेनबर्गात जू मानेवर नसतं, कपाळावर असतं,
शिंगांना कातडी पट्ट्यांनी आवळलेलं.
बोटभर मोठं झालं तर हलतं,
आणि हलणारं जू कपाळ सोलून काढतं.
“बैल कधी सांगत नाही,” बाबा म्हणायचे,
“तो नुसता हळू चालायला लागतो.”
बर्चचं लाकूड पुन्हा पुन्हा तासत बसायचे,
स्वयंपाकघरात, आईच्या शिव्या खात.

पहिली गाठ गोठ्याच्या दाराची.
सुतळी मोठ्याच्या चाकांवर आडवी धरली:
चाक गाठीच्या पलीकडे चार बोटं.
“दार मोठं करू,” वेल्डन म्हणाला.
तो हे म्हणतो, आणि दार मी मोठं करते.
दुसरी गाठ सफरचंदाच्या दोन ओळींमधली.
तिथं लहानाला वळायला जागा होती,
मोठ्याला फांद्या मोडायला.
ओढ्यावरच्या साकवाला मात्र गाठ मारता येत नाही.
तो एका बैलजोडीच्या वजनाचा बांधलाय,
ब्राइट आणि लायन, आणि मागे लाकडाची गाडी.
त्याहून जड काय असतं, त्याला माहीतच नाही.

मग मी मोठ्यावर चढून बसले.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी पसरला. टाच क्लचपर्यंत पोचेना,
आणि मी बासष्ट वर्षांची,
आता काही वाढणार नाही.

हॉलिस झ्विकर इतका वेळ गप्प होता.
मोठा खपला तर त्याचं भलं, हे आम्हा तिघांनाही माहीत.
टोपी काढून त्यानं आतला घाम पाहिला, पुन्हा घातली.
“एप्रिलात हा माझ्या खालच्या शेतात रुतला,” मोठ्याकडे न बघता म्हणाला,
“आसापर्यंत. दोन दिवस.”
“मग?”
“मग ह्यानं काढला.” आणि हात केशरी सालीवर ठेवला.
“ह्याचं तासांचं मीटर अकराशे बारावर बंद पडलंय.
मोठ्या बर्फाच्या वर्षी. त्यावर आणखी पाचशे धरा.
सहाशे.”

वेल्डन बुटाच्या टोकानं खडी उकरत राहिला.

लहान गोल गठ्ठा उचलणार नाही, हे मला माहीत आहे.
गवताचा गठ्ठा मी उतारावरून ढकलेन,
नाहीतर करवतीनं अर्धा करेन,
अर्धं अर्धं उचलेन. जानेवारीत मी शिव्या देणार,
आणि त्या शिव्यांत वेल्डनचं नाव नसेल
हे मला फार आवडणार नाही.

संध्याकाळी तो गोठ्यात शिरला.
डोक्यावरची दांडी दुमडल्यावर वर तीन बोटं उरली, बाजूला दोन.
मी इंजिन बंद केलं. गरम लोखंड टकटकत राहिलं.
अंधारात सुतळीच्या गाठी सोडवत बसले:
दाराची सुटली, ओळींची सुटली.
तिसरी माझी नव्हती.
जुनी, काळी, खड्यासारखी आवळलेली,
दातांनीही सुटेना.
ब्राइटच्या शिंगाची असेल.
किंवा लायनच्या.