अडकते ती जागा

मे महिन्यात मी तवे विकत घेत नाही.
सेहेचाळीस डिग्रीत डिक्कीत ठेवलेली लाँगप्ले
इंझोरीहून कारंज्याला पोचेपर्यंत पापड होते,
आणि पापडाला पुण्याचं गिऱ्हाईक पैसे देत नाही.

म्हणून दिवाळीनंतर. कापूस भरायला
लोक कोपऱ्यातली खोली रिकामी करतात,
आणि खाटेखालून, मोडक्या डवऱ्याच्या मागून
कुणाच्या तरी सासऱ्याचा शौक बाहेर निघतो.
एके ठिकाणी तवा रांजणावर झाकण होता,
भोकात सागाची खुंटी ठोकून केलेली मूठ.
एके ठिकाणी तुरीत टांगलेला, पाखरांसाठी.
धनजच्या म्हातारीने दिलाच नाही:
"राहू दे बापू, थ्याच्यावर मी कुरोड्या टाकतो."

मी टीव्हीचा मेकॅनिक. डबे गेले, धंदा गेला.
आता रिठ्याच्या पाण्याने तवे धुतो,
जुन्या धोतराच्या फडक्याने, रेघांच्या कलाने,
आणि ताटाळ्यात उभे करतो निथळायला.
बायको विचारते, ताटं कुठं ठेवू?

रउफभाई, न्यू बहार साउंड सर्व्हिस.
लग्न, जावळं, पोळा, निवडणूक, मयत सोडून सगळं.
दोन भोंगे अजून आढ्याला, एकात चिमणीचं घर.
पेटीत एकशे अकरा तवे,
प्रत्येकाच्या लेबलवर खिळ्याने कोरलेलं: न. ब.
दुसऱ्या गावच्या मंडपवाल्याने ढापू नये म्हणून.
मी वहीत लिहिलं: लेबल खराब, निम्मा भाव.

तळाशी तो होता.
पंचेचाळीसचा, छोटा. गाणारी अंजिरा ढोके.
एकच तवा काढला बाईने, पुढं कुठंच नाव नाही.
सात वर्षं शोधत होतो.
चेहरा मख्ख ठेवला,
या धंद्यात आधी तेच शिकावं लागतं.

वाजवला. दुसऱ्या कडव्यात सुई अडकली.
सांजेले, सांजेले, सांजेले, सांजेले,
रउफभाईंनी न बघताच बोट लावलं,
येजो.
गाणं पुढं गेलं.
मी भाव आणखी पाडला.

बाहेर नळावर हंडा लावून एक पोरगी,
दहा-अकराची, गुणगुणत होती तेच,
सांजेले चार वेळा, मोजून, मग येजो.
म्हटलं, बाळ, ते एकदाच आहे.
"नाई जी, थे तसंच हाये.
माह्या आजीच्या लग्नात बी तसंच होतं.
तुमच्याजवळचं बिघडलं असन."

तवा पुण्याला गेला, आठव्या दिवशी परत आला.
सोबत चिठ्ठी: दोष आधी सांगितला नाहीत.
कुरियर माझ्या माथी.

फाल्गुनात मंगरूळपीरला
एका रिटायर तलाठ्याच्या ट्रंकेत दुसरा मिळाला,
कोरा. कागदी पाकीटसुद्धा शाबूत.
अकरा हजार ठरले फोनवर.
पाठवण्याआधी एकदा
रउफभाईंना ऐकवावा म्हणून गेलो.
का, ते नीट सांगता येणार नाही.

दुसरं कडवं आलं.
त्यांचं बोट उठलं, आपसूक, सुईकडे निघालं.
सांजेले येजो.
गाणं निघून गेलं त्यांच्या बोटाखालून.
बोट तसंच राहिलं हवेत,
वाऱ्याची दिशा बघताना धरतात तसं.
बराच वेळ.
मग त्यांनी ते हळूच मांडीवर ठेवलं
आणि आतल्या घराकडे तोंड करून चहा सांगितला.

"अपना वाला किधर है?"

डिक्कीत होता. सकाळपासून.
मार्च लागला होता, गाडी उन्हात.
धावत गेलो, झाकणाला हात लावला तर चटका.
तवा काढून डोळ्यांसमोर आडवा धरला,
एक डोळा मिटून, सुतार फळी बघतो तसा.

सपाट होता.
अजून.