दाब

शनिवारी चार वाजता, भांडुपच्या वाचनालयावरच्या खोलीत
आम्ही डोंगरातलं तळं काढायला शिकतो:
पाच शाळकरी मुली, एक दातांची डॉक्टर
आणि मी, पालिकेचा निवृत्त चावीवाला.

फडते सर आधी कागद ओला करायला लावतात.
किती ओला, मी विचारतो.
चमकला पाहिजे, वाहता कामा नये.
एवढं मला कळतं.
एकतीस वर्षं रस्त्यातलं झाकण उचलून
लांब दांड्याची चावी खाली सोडली, आटे मोजले.
बाजारगल्लीला अठरा, टेकडीवरच्या चाळींना तीस,
तरी वर तोंड धुण्यापुरतंच चढायचं.
वरून शोभा गुंजाळ ओरडायची,
अजून दोन आटे फिरव की रे,
तुझ्या बापाचं तळं आहे का?

बापाचं नव्हतं. मी ते पाहिलंही नव्हतं.
तळं म्हणजे ऑफिसातल्या फळ्यावरचा खडूचा आकडा.
जूनमध्ये तो लिहिणारा शिपाई
कुणाशी बोलायचा नाही.

माझं मनगट ब्रशला जड पडतं.
निळा टेकवला की थेट कागदाच्या पाठीला.
डोंगर बरा आला. बर्फ म्हणजे तिथे काही न करणं,
हे सरांनी दोनदा सांगितलं, मला तिसऱ्यांदा जमलं.
पण पाणी.
पाणी रंगवू नका, देवळेकर, सर म्हणाले,
डोंगरच उलटा ठेवा, जरा मळका करून,
आणि हात काढून घ्या.

हात काढून घ्यायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

ठेवला उलटा. थांबलो.
तळं भरत गेलं, एकही आटा न फिरवता.
मग डाव्या काठाला, बारीक ब्रशने,
मी एक करडी रेघ ओढली, कागदाबाहेर जाणारी.
सर वाकले. चष्मा कपाळावर.
हे काय?
पाईप.
इतक्या उंचावर?
खाली कुणीतरी राहत असेल ना, सर.

डॉक्टरीणबाई हसली. मुली माना उंचावून बघायला लागल्या.
सर हसले नाहीत. रेघ ओलीच होती,
तिचं टोक त्यांनी करंगळीने पुसट केलं.
लांब जाते ना, म्हणाले, मग पुढे फिकी होऊ द्या.

घरी बेसिनवर ब्रश धुतले.
धार करंगळीएवढी, निळं जाता जाईना.
नवा पोरगा दोन आटे कमी फिरवतोय.
मी खिडकीतून ओरडलो नाही.
अजून तरी.