पत्ती पडते

एमआरआयचा अहवाल इंग्रजीत,
पावती कन्नडात,
आणि माझी कंबर दोन्हीत कुठं सापडेना.
आठ वर्षं झाली. वडगावात भरलेला बीम उचलताना
आत काहीतरी कट्ट झालं.
ते दोन-तीन महिन्यांत भरून आलं, म्हणतात सगळे.
फक्त कमरेला कुणी कळवलं नाही.

तोवर काय काय केलं नाही.
हाडवैद्यानं पाठीत गुडघा देऊन वाकवलं.
पट्टा बांधला, तो उन्हाळ्यात कातडीला चिकटला.
शहापूरला सुया टोचून घेतल्या.
सासऱ्यांनी नारळ उतरवून मार्कंडेयत सोडला.
धाकटा रमाकांत म्हणाला, "अण्णा,
फोटोत काय नाही म्हणजे काय नाहीच की."
त्या दिवसापासून मी लंगडायचं सोडलं,
तेही नाटक वाटू नये म्हणून.

सिव्हिलच्या वरच्या मजल्यावर, सोमवारी,
विद्याश्री अंगडी नावाच्या डॉक्टरीणबाई.
"एल्लि नोवु?" म्हणाल्या,
मग माझ्याकडं बघून, "कुठं दुखूलंय?"
फोटो पालथा ठेवला त्यांनी.
काम काय करता, विचारलं.
फिटर, म्हटलं. यंत्रमाग दुरुस्त करतो.
"मग सांगा, धागा तुटला की माग कसा थांबतो?"

सांगितलं. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर
एक पोलादी पत्ती लोंबत असते, ब्लेडसारखी पातळ.
धागा ताठ, तोवर ती वर.
तुटला की खाली, आणि माग बंद.
"आणि न तुटता थांबतो कधी?"
थांबतो की. रुई साठली, ताण ढिला पडला,
किंवा कुणा शहाण्यानं यंत्रणा फारच नाजूक लावली,
तर दार आपटलं तरी थांबतो.
शंभरदा थांबतो, आणि कापड शाबूत असतं.

एवढं म्हणालो आणि
पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

बाई हसल्या नाहीत.
"थांबणं खरंच असतं," म्हणाल्या,
"दुखणं खोटं नाही, कुणी काही म्हणो.
फक्त दर वेळी तुटका धागा शोधत बसू नका."

गोळी दिली, रात्रीची, अर्धी.
औषधवाला आवाज उतरवून म्हणाला, ही उदासीवरची.
पुढच्या सोमवारी भांडायलाच गेलो.
शिरांनाही चालते, म्हणाल्या,
एकच तेल दोन यंत्रांना चालतं तसं.
आणि चालायचं. पहिला आठवडा मंगाईच्या देवळापर्यंत.
बरं वाटलं म्हणून पुढं जायचं नाही,
दुखलं म्हणून मागं फिरायचं नाही. घड्याळ बघून.
दुसरं जमलं. पहिलं अजून जमत नाही.
एकदा ऐटीत येळ्ळूरच्या रस्त्याला लागलो
आणि तीन दिवस भिंतीकडं तोंड करून पडलो.

आधी झोप सुधारली. मग राग.
कंबर सगळ्यांच्या शेवटी,
तीही हप्त्याहप्त्यानं, एखादा हप्ता बुडवत.

परवा रात्री कल्लाप्पा मुचंडीकराचा माग अडला.
सारखा थांबतोय, म्हणाला, धागा तर कुठं तुटलेला नाही.
"तुम्ही वाकू नका, नुसतं सांगा."
वाकलो.
पत्त्यांमधली रुई ब्रशनं झाडत गेलो.
चाळिसाव्या की पन्नासाव्या पत्तीशी
तीच जुनी कळ, बटण दाबावं तशी.
हात थांबला. शोधायची सवय जुनी, शोधलं.
सगळं ताठ होतं.

"काय झालं?"
पत्ती पडली, म्हटलं.
त्याला वाटलं मागाची.
बॅटरी घेऊन जवळ आला, कुठली, कुठली करत.
राहू दे, म्हटलं.
उजेड इकडं धर जरा.